हवेचा मालक कोण?

जमीन मालकाची, इमारत मालकाची, तिच्यावर आणखी मजले चढवायचे तर पैसाही मालकाचाच. मग मध्ये पडणारी ही सरकारी मंडळे आणि वारसा समित्या कोण? जुन्या पेढीच्या, हॉटेलच्या, बाजाराच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या इमारतीवर नवा मनोरा उभारण्याची योजना पुढे आली की हा प्रश्न ठरल्याप्रमाणे विचारला जातो. त्याचे उत्तरही ठरलेले असते: इमारत सुंदर आहे, तिचे रूप बिघडेल. एका बाजूला मालमत्तेचा हक्क आणि दुसऱ्या बाजूला सौंदर्यदृष्टी असा सामना लागतो, आणि कष्टकऱ्यांच्या चळवळीचे त्यात काही काम आहे असे कोणाला वाटत नाही. कमानी आणि नक्षीकाम हे पोट भरलेल्यांचे चोचले. ज्याला डोक्यावर छप्पर नाही त्याने त्यांच्यासाठी का भांडावे, अशी अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांचीही समजूत आहे.

ही समजूत मालकवर्गाला फार सोयीची आहे. वाद रूपाचा आहे असे एकदा मान्य केले की मूल्याचा प्रश्न कोणी विचारत नाही. वस्तुतः प्रश्न तोच आहे. त्या जागेला आलेली किंमत कोणी निर्माण केली आणि ती कोणाच्या पदरात पडणार? भांडवलशाहीच्या राजधानीत, न्यू यॉर्कमध्ये, एका रेल्वे स्थानकाच्या माथ्यावरून १९६८ ते १९७८ अशी दहा वर्षे जो झगडा झाला, त्यात हा प्रश्न जितका उघडा पडला तितका क्वचितच कुठे पडला असेल. त्या झगड्याचा निकाल प्रागतिक मानला जातो. तो होताही. पण त्याच निकालातून विकासहक्कांच्या ज्या व्यापाराला बळ मिळाले, तो व्यापार पुढे मुंबईपर्यंत येऊन पोहोचला. म्हणून त्याची हकिकत मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

ग्रँड सेंट्रल टर्मिनल २ फेब्रुवारी १९१३ रोजी खुले झाले. मालक न्यू यॉर्क सेंट्रल ही खासगी रेल्वे कंपनी, म्हणजे व्हँडरबिल्ट घराण्याचे साम्राज्य. भव्य दालन, निळ्या छतावर सोन्याने रेखलेली नक्षत्रे, दर्शनी भागावर रोमन देवता. नफ्याच्या मंदिराला शोभेल असाच हा सारा थाट होता. मात्र या वास्तूचा जन्म व्हँडरबिल्टांच्या कलाप्रेमातून झाला नाही. जानेवारी १९०२ मध्ये पार्क अ‍ॅव्हेन्यूखालच्या धुराने कोंदलेल्या बोगद्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन पंधरा माणसे मेली. लोकक्षोभ उसळला, आणि १९०८ पासून मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांना बंदी करणारा कायदा राज्य विधिमंडळाने केला. कंपनीला विजेची कास धरावी लागली. धूर नाहीसा झाल्यावर रुळांचे सबंध आवार वरून झाकता येईल आणि त्या आच्छादनावर इमारती उभारून भाडे कमावता येईल, हे कंपनीचा मुख्य अभियंता विल्यम विल्गस याने हेरले. कल्पना बुद्धिमान होती, तिचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण रुळांवरची हवा विकाऊ झाली ती कायद्याने धूर बंद केल्यावर, आणि कायदा झाला तो पंधरा मृत्यूंनंतर. ‘हवेच्या हक्का’चे हे जन्मरहस्य पुढे कंपनीच्या वकिलांनी कोणत्याही न्यायालयात सांगितले नाही.

याच सुमारास शहराने आपल्या कर्जाऊ पैशातून भुयारी रेल्वे बांधली. १९०४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या पहिल्याच मार्गावर ग्रँड सेंट्रल हे प्रमुख स्थानक होते. रस्ते शहराचे, भुयारी गाड्या शहराच्या, आणि रेल्वे कंपनीला मार्गासाठी मिळालेले अधिकारही लोकांच्याच विधिमंडळाने दिलेले. रोज लाखो पावले त्या चौकात येऊन पडू लागली आणि भोवतालच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. तिथली बिल्टमोर, कमोडोर यांसारखी मोठमोठी हॉटेले कंपनीच्या मालकीची होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमाने यांच्यापुढे रेल्वेचा धंदा बसत चालला, तशी मालकाची नजर छताकडे वळली. १९५४ मध्ये स्थानक पाडून अजस्र मनोरा बांधण्याचे आराखडे निघाले. प्रतीक्षालयाच्या उंचीत आडवे मजले घालून तिथे बोलिंगचे खेळ चालवण्याची टूमही निघाली होती. ती १९६१ मध्ये शहराच्या मंडळाने फेटाळली. १९६३ मध्ये स्थानकाच्या पाठीमागे पॅन अ‍ॅम कंपनीचा ५९ मजली ठोकळा उभा राहिला. त्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या बाजूचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायला सुरुवात झाली आणि त्याचे कोरीव खांब भरावासाठी गेले. त्या संतापातून १९६५ चा वारसावास्तूंचा कायदा झाला, आणि १९६७ मध्ये ग्रँड सेंट्रलला त्याचे संरक्षण मिळाले.

कंपनीने काय केले? जानेवारी १९६८ मध्ये, म्हणजे संरक्षण मिळून सहा महिने होण्याच्या आत, तिने यूजीपी प्रॉपर्टीज या कंपनीशी पन्नास वर्षांचा करार केला. बांधकाम चालू असताना वर्षाला दहा लाख डॉलर आणि पुढे दर वर्षी किमान तीस लाख डॉलर भाडे ठरले. मार्सेल ब्रॉयर हा जगद्विख्यात आधुनिक वास्तुशिल्पी नेमण्यात आला. मोठे नाव पुढे केले की टीकाकार बिचकतात, हे सगळीकडचे बांधकाम व्यावसायिक जाणतात. ब्रॉयरने दोन आराखडे दिले. पहिल्यात जुन्या स्थानकाच्या डोक्यावर ५५ मजले चढवलेले होते. दुसऱ्यात बेचाळिसाव्या रस्त्याकडचा दर्शनी भागच पाडून ५३ मजले उभारायचे होते. वारसा आयोगाने १९६९ मध्ये दोन्ही नाकारले. पहिला आराखडा म्हणजे सौंदर्याची निव्वळ थट्टा आहे, अशा अर्थाचा शेरा आयोगाने मारला.

शेरा चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. आणि ते अपुरेपण पुढे महागात पडू लागले. थट्टा कशाला म्हणायचे ही आवडीनिवडीची बाब. कंपनीने त्या वादात शिरायचेच नाकारले. आयोगाचा निर्णय अभिरुचीच्या दृष्टीने चूक की बरोबर, हे तिने न्यायालयाला विचारलेच नाही. तिने एवढेच म्हटले, की वरची हवा आमची मालमत्ता आहे. ती वापरू देत नसाल तर तुम्ही ती ताब्यात घेतली आहे. ताब्यात घेतली असेल तर किंमत मोजा. १९१३ च्या स्थानकाच्या पायातच वीस मजल्यांचा भार पेलण्याची तजवीज करून ठेवली होती, हाही तिचा एक दाखला होता. १९७५ मध्ये खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. ते न्यू यॉर्क शहराच्या दिवाळखोरीच्या छायेचे वर्ष. भरपाईच्या नुसत्या भीतीनेच शहर गारठावे अशी परिस्थिती.

त्याच वर्षी स्थानक वाचवण्यासाठी समिती निघाली. जॅकलिन केनेडी ओनासिस तिच्या अग्रभागी होत्या. महापौर एब्राहम बीम यांना त्यांनी पत्र लिहिले, आणि सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीच्या आदल्या दिवशी, १६ एप्रिल १९७८ रोजी, खास आगगाडी करून ही मंडळी वॉशिंग्टनला गेली. प्रतिष्ठितांचा हा लढा होता हे खरे. पण प्रतिष्ठितांनी लढा दिला म्हणून मागणी खोटी ठरत नाही. कामगार संघटनांनी तो हाती घेतला असता तर मागणीची भाषा कदाचित वेगळी झाली असती, एवढेच.

ती वेगळी भाषा आली, पण अनपेक्षित ठिकाणाहून. १९७७ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश चार्ल्स ब्राइटेल यांनी निकाल लिहिला. हे गृहस्थ समाजवादी नव्हते. तरीही त्यांनी मांडलेला मुद्दा कोणत्याही समाजवादी अभ्यासवर्गात शिकवावा असा आहे. ग्रँड सेंट्रलचे मूल्य एकट्या मालकाने घडवलेले नाही, असे त्यांनी म्हटले. सरकारने दिलेले अधिकार आणि सवलती, सार्वजनिक पैशाने तिथवर आणलेली वाहतूक, समाजाने संघटितपणे केलेली गुंतवणूक, या सगळ्यांचा त्यात अविभाज्य वाटा आहे. म्हणून मालक वाजवी परतावा मागू शकतो तो आपण स्वतः निर्माण केलेल्या मूल्यावर. समाजाने निर्माण केलेल्या वाढीव मूल्यावर त्याचा तसा हक्क पोहोचत नाही. स्थानकामुळे शेजारच्या हॉटेलांना होणारा लाभही मालकाच्या कमाईतच धरला पाहिजे, हेही त्यांनी बजावले.

येथे मालकाची बाजू पुरती ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यात एक दुबळा वाटणारा पण भावनेला हात घालणारा मुद्दा होता. विलीनीकरणानंतर पेन सेंट्रल हे नाव घेतलेली ही कंपनी जून १९७० मध्ये दिवाळ्यात निघाली. तोवरचे अमेरिकेतील ते सर्वांत मोठे दिवाळे. तोट्यातल्या रेल्वेने चार पैसे मिळवू नयेत काय, असा तिचा सवाल होता. पण तो तोटा शेवटी गेला कुठे? लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅकने, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशाने, उचलल्या. मालवाहतूक १९७६ मध्ये कॉनरेल या सरकारी महामंडळाकडे गेली. उपनगरी गाड्यांचा भार राज्याच्या वाहतूक प्राधिकरणाच्या गळ्यात पडला. रूळ, डबे आणि तोटा लोकांचा झाला. माथ्यावरची हवा तेवढी कंपनीने स्वतःकडे ठेवली आणि तिचे भाडे मागितले.

२६ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचा. मालमत्तेचे तुकडे पाडून, हवेचा तुकडा तेवढा वेगळा काढून, तो हिरावला गेला अशी ओरड करता येणार नाही. मालमत्ता सबंध पाहिली पाहिजे, हे त्यांचे सूत्र. स्थानक आहे त्या स्थितीत वाजवी उत्पन्न देऊ शकते हे कंपनीने मान्यच केले होते. विरोधी मत न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांचे. शहरातील दहा लाखांहून अधिक इमारतींपैकी जेमतेम चारशे निवडून त्यांच्याच मालकांवर सर्वांच्या हिताचा बोजा का टाकता, असे त्यांनी विचारले. समतेच्या नावाने विचारलेला हा प्रश्न ऐकायला गोड आहे. पण दहा लाख इमारतींतून मोजक्याच इमारतींच्या दाराशी भुयारी रेल्वे नेली गेली, तेव्हा उरलेल्यांवर अन्याय होतो आहे असे यांपैकी कोणाच्या मनात आले नव्हते. लाभ मोजक्यांना मिळतो तेव्हा ते कर्तृत्व ठरते. बोजाची वेळ आली की मात्र भेदभाव आठवतो.

मनोरा अडला आणि स्थानक वाचले. पण ब्राइटेल यांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालाचा आधार केला नाही. उलट ब्रेनन यांनी दुसऱ्याच एका गोष्टीचा दाखला दिला: कंपनीला स्थानकावर बांधता येत नसले, तरी तो न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळपासच्या किमान आठ भूखंडांवर नेता येतो, तेव्हा तिचे नुकसान तेवढे हलके होते. एका दाराने नाकारलेले मूल्य दुसऱ्या दाराने मालकाच्या घरात गेले. जी हवा समाजाने मोलाची केली असे खालच्या न्यायालयाने म्हटले होते, ती आता कागदावर मोजून, तुकडे करून विकता येणारी वस्तू म्हणून मान्यता पावली.

त्या वस्तूचा पुढचा प्रवास कथेसारखा आहे. स्थानक आणि हे हक्क कंपनीच्या वारसांकडून २००६ मध्ये एका गुंतवणूकदार गटाने विकत घेतले. २०१५ मध्ये शहराने शेजारच्या वन व्हँडरबिल्ट या मनोऱ्याला वाढीव उंची मंजूर केली, तेव्हा या गटाने शहरावर १.१ अब्ज डॉलरचा दावा लावला. का? शहराने असे मजले परभारे दिले तर आमची हवा कोण विकत घेणार, म्हणून! २०१६ मध्ये तडजोड झाली. २०१८ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेने ग्रँड सेंट्रलवरील सुमारे ६ लाख ८० हजार चौरस फुटांचे हक्क पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील आपल्या नव्या मनोऱ्यासाठी घेतले. त्या जागी उभी असलेली, एके काळी युनियन कार्बाइडचे मुख्यालय असलेली, १९६० ची ५२ मजली इमारत त्यासाठी पाडण्यात आली. भोपाळच्या हवेशी ज्या नावाचा संबंध भारतीय माणूस विसरू शकत नाही, त्याच नावाच्या जुन्या जागेवर ग्रँड सेंट्रलची हवा जाऊन बसली, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

आणि स्थानकातील माणसे? १९८० च्या दशकात शेकडो बेघर लोक त्या दालनांत रात्र काढत. १९९० च्या दशकात वास्तू घासूनपुसून लखलखीत झाली. प्रतीक्षालयातली लाकडी बाके गेली आणि ते दालन समारंभांना भाड्याने मिळू लागले. दगड वाचले, बाके मात्र वाचली नाहीत. सौंदर्याच्या एकाच मुद्द्यावर लढा जिंकला की असेच होते.

महाराष्ट्राने या सगळ्यातून नेमके काय उचलले, हे पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईत हस्तांतरणीय विकासहक्क, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला टीडीआर, आणला. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जमीन सोडणाऱ्याला रोख पैशाऐवजी बांधकामाचा कागद मिळू लागला. १९९५ च्या वारसा नियमावलीने जुन्या वास्तूंच्या मालकांनाही ती वाट मोकळी केली. पालिकेच्या तिजोरीतून दमडी जात नाही, असे याचे कौतुक झाले. दमडी जात नाही हे खरे. तो कागद उपनगरात जाऊन मजले होतो, आणि त्या मजल्यांचे पाणी, गटार आणि लोकलची गर्दी मालाड-कांदिवलीच्या रहिवाशाला सोसावी लागते. न्यू यॉर्कने निदान हक्क शेजारच्या भूखंडांपुरते ठेवले होते. मुंबईत दक्षिणेकडच्या मालकाची भरपाई उत्तरेकडच्या माणसाने आपल्या श्वासातून दिली.

ब्राइटेल यांचा मुद्दा मात्र कोणी आयात केला नाही. तो येथे लागू करायला गिरण्यांच्या जमिनीइतकी योग्य जागा नव्हती. सुमारे सहाशे एकर जमीन. तिचे मोल पिढ्यान्‌पिढ्या कामगारांच्या घामाने आणि सरकारी सवलतींनी वाढवलेले. १९९१ च्या नियमात निदान तत्त्व होते: पुनर्विकास करायचा तर जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियमातले शब्द बदलले, आणि हिस्सा सबंध जमिनीचा न राहता फक्त मोकळ्या जमिनीचा झाला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. त्या मनोऱ्यांत कामाला येणाऱ्या माणसांसाठी एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल तेवढाच अरुंद राहिला, आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्यावर २३ माणसे चेंगरून मेली. जमिनीचे वाढलेले मोल मालकाकडे गेले होते. पुलासाठी काहीच उरले नव्हते.

आता पाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबईचे हे स्थानक यांच्या पुनर्विकासाला मिळून सुमारे १०,००० कोटी रुपयांची मंजुरी दिली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याची १८८८ ची वास्तू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा घुमटाला धक्का लागणार नाही असे आश्वासन मिळेल आणि बहुधा ते पाळलेही जाईल. येथे मालक व्हँडरबिल्ट नाही, खुद्द सरकार आहे. त्यामुळे प्रश्न मिटला असे समजणे मात्र भाबडेपणाचे. ज्या जीआयपी रेल्वेने हे स्थानक बांधले, तिच्या विलायती भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती आणि जमीनही फुकट मिळालेली होती. शेतसारा भरणाऱ्याच्या पैशाने हमी दिलेली ही वास्तू. तिच्या भोवतालच्या जमिनीला मोल आणले ते रोज लोकलमधून उतरणाऱ्या लाखो माणसांनी, हमालांनी आणि डबेवाल्यांनी. ग्रँड सेंट्रलबद्दल ब्राइटेल यांनी जे म्हटले ते येथे दुपटीने खरे आहे.

तेव्हा नवी इमारत जुन्या घुमटापेक्षा उंच की ठेंगणी, काच किती आणि दगड किती, या चर्चेवर वर्तमानपत्रांनी रकाने खुशाल भरावेत. प्रवासी संघटनांत आणि प्रभागांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी योजनेची कागदपत्रे मागवावीत आणि त्यांत दुसरेच आकडे शोधावेत. व्यापारी गाळ्यांना किती चौरस फूट दिले आणि फलाटाला, जिन्यांना, स्वच्छतागृहांना किती. गाळ्यांचे भाडे किती वर्षांसाठी कोणाकडे जाणार आणि त्यातला किती हिस्सा लोकलच्या प्रवाशावर खर्च करण्याचे बंधन कोणत्या कलमात घातले आहे. आणि तिष्ठत बसणाऱ्या माणसासाठी बाके किती ठेवली आहेत.